दादाचा हरवलेला गेम

आमच्या दादाला मदत करायची म्हणजे आधी जबाब द्यायची तयारी ठेवावी लागते. परवा तो कंधारहून आला तेव्हा कॉम्प्युटर अपडेट झाला होता आणि त्याचा गेम उघडेना. वर्षभर खेळून जिंकलेलं सगळं गायब!

"तूच उडवलंस न?"

"न्हाई रे दादा. गेमचं फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हाय. अपडेटमध्ये ड्राइव्हचं नाव बदललं, म्हणून लिंक तुटली."

मी लिंक नव्याने जोडली. गेम सुरू झाला, तशी दादाने मान वाकडी केली.

"लई लवकर सापडलं की! म्हणजे लपवलंही तूच."

आईनेही स्वयंपाकघरातून विचारलं, "खरंय का गं?"

मी लिंक पुन्हा काढून टाकली, खुर्ची त्याच्याकडे सरकवली आणि म्हणाले, "आता तू शोध."