काल ऑर्गन ताईनं वाजवला

दाताच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या.

"ताई, काल चर्चमध्ये ऑर्गन तू वाजवलास म्हणे?"

"मग काय. ऑर्गन वाजवणारे मास्तर वारल्यापासून सगळे नुसतेच गात होते. साठी उलटल्यावर शिकले मी."

"पायांनीही वाजवायचं असतं ना?"

"तिथंच घोळ झाला. पहिल्याच गीतात पाय चुकला आणि हातही थांबले."

"मग?"

"लोक गातच राहिले. दुसऱ्या कडव्याला मी त्यांना गाठलं, ते शेवटपर्यंत सोडलं नाही. मास्तरांच्या वेळी उपासना संपली की ऑर्गन वाजत असतानाच सगळे घरी निघायचे. काल कुणी उठलंच नाही."

"भावजीसुद्धा? ते तर तुझ्या सरावाला कटकट म्हणायचे."

"त्यांना मी शेजारीच उभं केलं होतं, पानं उलटायला."