आधी बिरोबाचं नाव

आटपाडी स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर आजोबा आणि नात बसले होते. नातीच्या मोबाईलवर ढोल वाजत होता.

"ह्यो ढोल कुठला गं, राणी?"

"ब्राझीलचा, आबा. आफ्रिकेतनं गुलाम करून नेलेल्यांच्या देवाचा. अल्बम साठेक वर्सांमागचा हाय. अजून पोरं ह्यावरनं शिकत्यात."

"वाजवणारा हाय का जित्ता?"

"न्हाई. पर तुमी ऐकतायसा न्हवं?"

"माझा ढोल माझ्यासंगंच जाणार. तुझा बाप शिरवळच्या कंपनीत रमलाय."

"मी हाय की! वाजवा बाकावर, रेकॉर्ड करते."

"येडी का काय? लोक हसत्याल."

"हसू द्या."

"थांब, बंद कर ते रेकॉर्डिंग."

"आता काय झालं?"

"बिरोबाचं नाव घ्यायच्या आधीच चालू करतीस व्हय? बिरोबाच्या नावानं चांगभलं! हं, आता लाव."