उपाशी बाटल्या

मावशी : तीनदा मोजलं गं, तीनदा! दर वेळी तोच आकडा. उपाशी बाटल्यांतले जीव चौपट झालेत!

मी : मावशी, एक मिनिट...

मावशी : मिनिट कसलं! तुला कळतंय का मी काय म्हणतेय? समुद्रातल्या या सूक्ष्म हिरव्या जिवांचं पोट कशावर चालतं?

मी : पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड घ्यायचा, उन्हाच्या जोरावर त्याची साखर करायची. शाळेत माईकवरून मीच सांगितलंय.

मावशी : आणि ऊन नसलं की चूल बंद! म्हणून तर चार बाटल्या फॉइलमध्ये गुंडाळून काळ्या पेटीत ठेवल्या. दोघींत ग्लिसरीन घातलं, म्हणजे आयता कार्बन. त्या तगल्या, थोड्या वाढल्याही. तेच तर बघायचं होतं. पण दुसऱ्या दोघींत काही म्हणजे काहीच नाही. त्यांनी साठवणीतलं पुरवून पुरवून खात निपचित पडायचं, तर त्या सगळ्यांच्या पुढे!

मी : प्रयोगशाळेच्या सरांना सांगितलंस?

मावशी : सकाळीच. म्हणाले, अकरा वर्षं तुम्ही आमच्या बाटल्या धुताय, उद्या बैठकीत तुम्हीच बोला. मी! त्या सगळ्या डॉक्टरांसमोर!

मी : अगं बाई...

मावशी : तुझं तोंड का उतरलं? एरवी चिमणीची चिवचिव थांबत नाही.

मी : त्यांनी ऊन खाल्लंय.

मावशी : कुणी?

मी : उपाशी बाटल्यांनी. तू चार दिवस आजीकडे गेलीस, किल्ली मला दिलीस. पेटीचं तापमान तेवढं लिही म्हणालीस. ते लिहिलं, आईशप्पथ. पण त्या दोघींवर तू मार्करनं 'उपाशी' लिहिलंयस ना... मला बघवेना.

मावशी : मग?

मी : फॉइल काढून खिडकीत ठेवल्या. तीन दिवस. तू यायच्या आधी परत पेटीत.

(मावशी स्टुलावर बसते.)

मावशी : दया आली तुला.

मी : आली. आणि खरं सांगू? मैत्रिणीलाही आणलं होतं. तिला म्हटलं, इथे कोण जगणार ते मी ठरवते. हसू नकोस.

मावशी : हसत नाहीये.

मी : सोमवारी तू विचारलंस, सगळं ठीक ना? मी म्हटलं, एकदम झकास. रोज वाटायचं, उद्या सांगू. आणि आज तू नाचतच आलीस. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. रागव ना. एक ठेवून दे, चालेल.

मावशी : फॉइल काढताना फाटलं असेल.

मी : हो. मग नवीन गुंडाळलं. अगदी तुझ्यासारखं, कडा दुमडून.

मावशी : माझ्या फॉइलवर तारीख असते. याच्यावर नव्हती.

मी : म्हणजे... तुला दिसलं होतं?

मावशी : मोजायच्या आधीच.

मी : मग मला विचारलं का नाहीस?

मावशी : विचारणार होते. तेवढ्यात आकडा आला.

मी : आणि?

मावशी : मग विचारवेना. तू 'हो' म्हणाली असतीस तर?

मी : मावशी, रडू नकोस ना. मी सांगते सरांना. चूक माझीच आहे.

मावशी : सांगशील. तो फोन दे इकडे. आधी मला माझं सांगू दे.