डॅशबोर्डमागचा नट

भरमा : पडला! परत पडला बघा.

चंपाबाई : पडला तर उचल की. तोंड कशाला पाडतोस?

भरमा : उचलतोय की ओ, आक्का. पितळेचा हाय, लोहचुंबक धरत न्हाय ह्याला. आन् जुन्या आट्याचा. हरवला तर बेळगावात न्हाय, कोल्हापुरात न्हाय मिळायचा.

राजश्री : भरमाअण्णा, तुमचा हात आत जातो तरी कुठवर?

भरमा : मनगटापातूर, वहिनी. तितनं पुढं फट लई बारीक. गाडीची पुढची काच नवी बसीवली न्हवं, तिची चौकट ह्या कोपऱ्यात बोल्टावर उभी ऱ्हाती. बोल्ट मी भायेरनं धरतो. नट मातर आतनं, डॅशबोर्डच्या मागं, न बघता लावाय लागतोय.

राजश्री : एका नटानं एवढं काय अडतं? बाकीचे आवळलेत ना?

भरमा : अडतंय की. गाडीचा कापडी टप वर असला की काचेला वरनं आधार असतोय. उद्या नवरीला घिऊन मांडवाकडं टप मागं पाडून जाणार तुमी. मग काच ह्या बोल्टांच्याच जिवावर. एखादा स्पीडब्रेकर जोरात लागला, तर काच सरळ माणसांच्या अंगावर.

चंपाबाई : लग्नाघरात असलं अभद्र बोलू नगंस.

राजश्री : मग डॅशबोर्ड काढा ना परत.

भरमा : काढतो. मीटर सुटणार, वायरी सुटणार. उद्या दुपार हुतीय मग.

राजश्री : मुहूर्त सकाळचा आहे, अण्णा.

भरमा : तरी मी म्हणत हुतो, आधी हा नट, मग डॅशबोर्ड. आक्का म्हणाल्या, पूजेची वेळ टळतीया, डॅशबोर्ड बसव, त्येच्यावर स्वस्तिक काढायचंय.

चंपाबाई : म्हणालेच. भगदाड पडल्याल्या गाडीची पूजा करायची व्हय? आन् तुला न्हाय म्हणाय जीभ नव्हती?

भरमा : तुमच्यापुढं? खुद्द तुमच्या मालकांना, वर्धमानअण्णांना, हयातभर कधी न्हाय म्हणाय जमलं न्हाय, मी कुठला म्हणतोय!

राजश्री : आई, ह्यांचा फोन येऊन गेला. फुलवाले आले तरी गाडी तयार नसली, तर कोल्हापूरची भाड्याची गाडी पक्की करणार म्हणालेत. करू दे की. कुठल्याही गाडीतून गेली तरी आरोहीचं लग्न व्हायचंच आहे.

चंपाबाई : गोमटेशला म्हणावं, तुझ्या बापानं कॅम्पातल्या मेजरकडनं ही गाडी आणली तवा तू माझ्या पोटात हुतास. आता म्हातारपणी तिच्या उरावर भाड्याची सवत आणू नगंस.

राजश्री : पण एवढा हट्ट कशासाठी?

चंपाबाई : कशासाठी म्हंजे? हळद तुमी लावणार, ओटी तुमी भरणार. मला मांडवात मागं खुर्ची दिलीया, पंख्याखाली. लई चांगली हाय खुर्ची, नावं ठेवत न्हाय मी. पर नातीच्या लग्नात माझं म्हणून काय हाय, सांग? ही गाडी. हिला बी काढून टाकलासा, तर मी नुसती वारं खायाला यायचं का?

राजश्री : सरका, भरमाअण्णा. माझा हात बारीक आहे. द्या तो नट.

भरमा : बोटाला ग्रीस लावा, नट चिकटून ऱ्हातोय. हां. आता कडंकडंनं घाला.

राजश्री : जातोय. जातोय... थांबा. बांगड्या अडकल्या.

चंपाबाई : मागं घे! हळू, हळू गं. कालच चुडा भरलाय.

भरमा : साबण लावून निघत न्हाईत?

राजश्री : कासारानं दाबून भरल्यात. काढायला गेलं की एखाददुसरी वाढणारच.

चंपाबाई : लेकीचं लग्न उद्यावर आलंय. एकबी वाढवायची न्हाय.

भरमा : मग दुसरं कोण? तुमच्या नणंदेला, निशाताईंना हाक मारू?

राजश्री : काल कासार इथंच बसला होता ना. निशाताई, आरोही, शेजारच्या सगळ्या. घरातल्या सगळ्या बायकांनी चुडा भरलाय, अण्णा.

चंपाबाई : सगळ्यांनी कुठं गं?

राजश्री : आई...

चंपाबाई : हा माझा हात बघ की. मोकळा हाय. मनगट बी तुझ्यापरास बारीक.

भरमा : मग झालंच की, आक्का. या इकडं.

चंपाबाई : नगं. हळदकुंकू लागल्याली गाडी हाय. स्वस्तिकसुदीक मी हिच्याकडनं काढून घेतलं. माझा हात लागून पोरीचं काय वावगं झालं, तर काय करू मी?

राजश्री : काच निखळली तर वावगं होईल, आई. तुमच्या हातानं काय होणार? ह्याच हातांनी तुम्ही तिला न्हाऊमाखू घातलंत. तेव्हा काही झालं नाही, आणि आता होईल?

चंपाबाई : लोकं बोलत्यात गं.

राजश्री : लोकांचा हात जातोय का ह्या फटीत? मग बोलू देत. माझी मुलगी बसणार आहे ह्या गाडीत. मी सांगते, घाला हात.

चंपाबाई : भरमा, आण ते ग्रीस.

(चंपाबाई पदर खोचून पुढच्या सीटवर आडव्या होतात.)

भरमा : बोल्टाचं टोक लागलं?

चंपाबाई : लागलं. खरखरतंय.

भरमा : नट त्येच्यावर टेकवा. लगीच आवळू नका. आधी उलटा फिरवायचा, सावकाश. आटे जुळले की टक् करून बोटाला कळतंय. मगच सुलटा. वाकडा चढला तर पितळ हाय, आटे जात्यात, मग नटबी गेला आन् गाडीबी.

चंपाबाई : उलटा... उलटा... काय कळंना रं.

राजश्री : आई, मनगट सोललं तुमचं. रक्त येतंय. काढा जरा बाहेर.

चंपाबाई : येऊ दे. भायेर काढला तर परत घालायचा धीर व्हायचा न्हाय मला. भरमा, तू बोल्ट हलीवतोस का?

भरमा : न्हाय ओ, श्वास धरून बसलोय.

चंपाबाई : धर मग तसाच... थांब. केलं! टक् केलं त्येनं!

भरमा : आता सुलटा. जोर लावू नका.

चंपाबाई : फिरतोय की. आपसूक फिरतोय.

भरमा : बोटानं जमंल तेवढा फिरवा, मग नुसता दाबून धरा. पाना मी भायेरनं मारतो. सोडू नका. अजून थोडं. सोडू नका हां... बसला! आक्का, बसला. काढा हात.

राजश्री : हळू, हळू. चला आत, हळद दाबते जखमेवर.

चंपाबाई : थांब गं. काच हलवून दाखव आधी, भरमा.

भरमा : बघा, दोन्ही हातांनी ओढतोय. गाडी हलतीया, काच न्हाय.

राजश्री : फोन आला. हं, बोला. हो, तयार झाली. भाड्याची गाडी नको, सांगून टाका त्यांना. नट? तुमच्या आईनं बसवला. चेष्टा नाही हो. त्यांनीच, आत हात घालून. ठेवते.

चंपाबाई : त्येला कशाला सांगितलंस? काय म्हणाला?

राजश्री : विचारलं, आईच्या हाताला फार लागलंय का.

चंपाबाई : मग लागलंय म्हणायचं हुतंस. जरा पळत आला आसता.

भरमा : वहिनी, उद्या गाडीत कोण कोण?

राजश्री : चालवणार तुम्ही. मागं आरोही आणि निशाताई. पुढची सीट मोकळीच आहे, ताटंबिटं ठेवायला.

चंपाबाई : ताटं दुसऱ्या गाडीत घाला. पुढं मी बसणार.

राजश्री : तुम्ही?

चंपाबाई : काच हलली तर धराय माणूस नको?

भरमा : आक्का, काच आता हलत न्हाय.

चंपाबाई : म्हाईत हाय रं. तरीबी बसणार.