सातवी खिडकी

हिम्मतराव : सहाच्या सहा पाहिजेत. डब्यावर सहा आहेत.

एकनाथराव : हिम्मतराव, ही धुराडी आहेत. विलायतेत खोली-खोलीत शेकोटी असते, म्हणून सहा. ज्युबिली हिल्सला मे महिन्यात काय शेकणार तुम्ही?

हिम्मतराव : शेकायचं कशाला? दिसायला पाहिजेत. एकात पाण्याची टाकी बसवा.

एकनाथराव : लिहितो. धुराडं क्रमांक चार, टाकी.

हिम्मतराव : चाळीस वर्षं सरकारी इमारतींचे नकाशे काढले तुम्ही, म्हणून तर बोलावलं. नवीन पोट्टे नुसती काच लावूलालेत. मला हाच बंगला पाहिजे, ह्या बिस्किटाच्या डब्यावरचा. इंपोर्ट खुला झाला, पंपाच्या धंद्यात चार पैसे आले. आता प्रतापरावानं येऊन बघत राहावं. त्याच्या बंगल्याला खांब दोनच आहेत.

जयवंता : काका, चहा घ्या. स्वयंपाकघर कुठं आलं हो?

एकनाथराव : वास्तुवाल्यांनी आग्नेय सांगितलीय. बंगल्याचं तोंड पूर्वेला. म्हणजे समोरून डावा कोपरा तुमचा, जयवंताबाई.

जयवंता : अगं बाई, दर्शनी बाजूला! मग खिडकी असेल.

एकनाथराव : आहे. म्हणजे, दिसायला आहे.

हिम्मतराव : दिसायला म्हणजे?

एकनाथराव : डबा बल्बखाली धरा. ही कोपऱ्यातली खिडकी काळी दिसते ना?

हिम्मतराव : मला वाटलं, घरात कोणी नसेल.

एकनाथराव : ती खोटी आहे. बाहेरून चौकट, आतून भिंत. उजवीकडं सात, म्हणून डावीकडंही सात दिसायला हव्यात. आत जिना येवो नाही तर कपाट येवो, साहेबलोकांना बाहेरून दोन्ही बाजू सारख्या लागतात.

जयवंता : नि चुलीपुढं तोंड कुठं करायचं?

एकनाथराव : पूर्वेला. शास्त्रच आहे तसं.

जयवंता : म्हणजे दिवसभर मी खिडकीकडं तोंड करून उभी, नि खिडकीच नाही.

एकनाथराव : बरोबर समजलात.

जयवंता : काका, ती खरी करा.

हिम्मतराव : काय बोलूलालीस? डब्यावर आहे तशीच राहील. पाहुणा गेटातून आला, बंगला बघून त्यानं तोंडात बोट घातलं, नि खिडकीत काय? आंबट वरणाचं पातेलं! सगळी इज्जत खलास. पाहिजे तर पंखे लावतो धुराला. दोन लावतो.

जयवंता : बावीस वर्षं झाली मला ह्या दुकानामागं. भर दिवसा बल्ब लावून भाकरी थापते. दुपार झाली का संध्याकाळ, ते दुकानातली गडबड ऐकून ओळखते. कधी तक्रार केली?

हिम्मतराव : नाही केली. म्हणून तर बंगला बांधूलालो.

जयवंता : मग तुम्ही जा बंगल्यात. मी इथं कोठीतच, दुकानामागं राहते. इथली भिंत निदान भिंत तरी आहे, खिडकीचं सोंग घेऊन उभी नाही.

हिम्मतराव : ऐका, एकनाथराव! घर हिच्यासाठी, नि हीच नक्को म्हणते. समजावा तुम्हीच.

एकनाथराव : समजावतो. हिम्मतराव, विलायतेत एके काळी सरकारनं खिडक्यांवर टॅक्स लावला होता.

हिम्मतराव : खिडक्यांवर?

एकनाथराव : जितक्या खिडक्या, तितका टॅक्स. मग लोकांनी खिडक्या बुजवल्या.

हिम्मतराव : बंगलेवाल्यांनीसुद्धा?

एकनाथराव : ज्यांना टॅक्स भरणं जिवावर यायचं, त्यांनी.

हिम्मतराव : थांबा. म्हणजे जाणकार माणूस आला, बुजलेली खिडकी बघितली, तर काय म्हणेल?

एकनाथराव : जे म्हणायचं तेच म्हणेल. प्रतापरावांचा जावई लंडनला असतो ना?

हिम्मतराव : फोडा ती खिडकी!

एकनाथराव : अजून बांधली नाही.

हिम्मतराव : तरी फोडा. नि काच मोठी लावा. हिम्मतरावाला कशाची कमी नाही, हे रस्त्यावरनं दिसलं पाहिजे.

(दुकानात फोन वाजतो. हिम्मतराव डबा घेऊनच उठून जातात.)

जयवंता : काका, खरंच होता टॅक्स?

एकनाथराव : टॅक्स होता. ह्या खिडकीला लागला होता का, ते मला काय ठाऊक? मी वाडी जंक्शनच्या पलीकडं गेलेलो नाही.

जयवंता : तुमचे उपकार झाले बघा. समोर काय दिसेल हो तिथून?

एकनाथराव : खरं सांगू? दगड. रस्त्यापलीकडं नुसते खडक आहेत. झाड नाही, माणूस नाही.

जयवंता : ऊन येईल?

एकनाथराव : सकाळचं थेट शेगडीवर.

जयवंता : मग पुरे. फोडणी करपायला लागली की दिसेल तरी. आजवर वासावरनंच कळत आलं.