सलमाच्या बापाची तार

माजं गाव आता पान्याखाली हाय ताई, तवा गाव कंचं म्हनून इचारलंत तर बोट दाखवायला जागा न्हाई. धरन झालं आन आमाला ट्रकात घालून हितं ह्या माळावर आनून टाकलं, मी दहा वर्सांचा आसंन. पत्र्याच्या शेडी, खाली मुरूम, आन प्यायला डबक्यातलं पानी. नळ येनार व्हता, पुडच्या म्हयन्यात येनार व्हता, त्यो पुडचा म्हयना काय आला न्हाई. आई जुलाबानं गेली, तीन दिसांत, हातावर पानी मागत गेली आन पानी द्यायला जीव धजंना, कारन पान्यानंच झालेलं. बाप कचेरीत गेला तर जुना सायेब बदलून गेलेला, नवा म्हनला मी तर कालच आलो. काय सांगू तुमाला, तवापास्नं माज्या छातीत इस्तव हाय. सूड घ्यायचा तर समोर कुनाचं तरी तोंड पायजे ना, आमाला ज्यांनी उठवलं त्यांना तोंडच नव्हतं, नुसते शिक्के व्हते.

मंग वेल्डिंग शिकलो. चोवीस वर्सांचा व्हतो तवा एका एजंटानं बहारीनला लावून दिलं. तुबलीत खाडीच्या कडंला आमचं वर्कशॉप, ओहोटी लागली की चिखलाचा असा वास यायचा की पयल्या आठवड्यात मला अन्न जाईना. मॅनेजर आपलाच मानूस, मराठी बोलनारा, मुंबईचा. अरबीत मॅनेजरला मुदीर म्हनत्यात, आमी समदे त्येला मुदीरच म्हनायचो. त्येनं मला पयल्या दिशी बसवून च्या पाजला, म्हनला आनंदा, आपली मानसं आपन सांभाळायची. खोटं कशाला बोलू, तवा बरा वाटला मला.

आन लेथ मशीनवर यूसुफ व्हता. फिलिस्तिनी. उंच, हडकलेला, केस अकाली पिकलेलं. आख्ख्या तुबलीत त्येच्यासारका टर्नर नव्हता, मोडलेला शाफ्ट द्या, हात फिरवून सांगायचा कुटं किती झिजलाय. पयली दोन वर्सं आमी नुसतं यल्ला म्हंजी चल आन खलास म्हंजी संपलं एवडंच बोलायचो. मंग त्यो माज्याकडनं हिंदी शिकला, मी त्येच्याकडनं अरबी, दोन्ही मोडकी, पन भागायचं. एक दिवस मला म्हनला, तुजं गाव कुटं? मी म्हनलं पान्यात. त्येला वाटलं मी चेष्टा करतोय. मी समदं सांगितलं, धरन, ट्रक, आई. ऐकून घेतलं आन म्हनला, माजं गाव पान्यात न्हाई, जाग्यावर हाय, फकस्त त्यात दुसरे ऱ्हात्यात. पाच वर्सांचा व्हता तवा बंदुका घिऊन आले, त्येच्या आईनं त्येला पाठुंगळीला मारला आन पळाली, ती जी पळाली ती लेबनानातल्या निर्वासितांच्या छावनीत जाऊन थांबली. आधी तंबू, मंग पत्रा, मंग शिमिटाच्या ईटा. तीस-पस्तीस वर्सं छावनीच. त्येची बायको आन सलमा, त्येची एकुलती पोरगी, तितंच व्हत्या.

पत्रं पोचायची न्हाईत म्हनून त्या कॅसेट पाठवायच्या. कुनीतरी येनारा-जानारा आनून द्यायचा. जेवायच्या सुट्टीत यूसुफ टेपरेकॉर्डर लावायचा आन आमी खाडीकडं तोंड करून बसायचो. पोरीचा आवाज असा खणखणीत. ती बोलायची आन यूसुफ मला सांगायचा. बाबा, नळाला एकच तास पानी येतं, मी हंडा घिऊन पयली जाते, पन मोठ्या बाया ढकलत्यात. बाबा, वरनं इमान गेलं, शाळेतल्या बाई म्हनल्या बाकाखाली बसा, मी बाकाखाली बसून पाडे म्हनले. बाबा, आजी म्हनते पिठात किडं झाल्यात पन चाळून घेतलं की चालतं. बाबा, छपराचा पत्रा उडाला, मामानं टायर ठिवून दाबला. आसं समदं, तक्रार म्हनून न्हाई, गंमत म्हनून सांगायची. आन शेवटी पाडे म्हनून दाखवायची. अरबीतले पाडे माजे पाठ झाले व्हते ताई, तिला कवा बघितलं नव्हतं, पन पोरगी माजीच आसल्यागत झालती.

यूसुफनं बायको-पोरीला बहारीनला आनायचं ठरवलं. दोन वर्सं कागदांमागं फिरला. ज्येला देश न्हाई त्येला पासपोर्ट न्हाई, एक निळं चिटोरं आसतंय, ते बघितलं की हर खिडकीवरचा मानूस तोंड फिरवतो. पन शेवटी झालं. बायकोचा आन पोरीचा व्हिसा हातात आला. आता छावनीभवती चाललेली लढाई थांबली आन छावनीतनं बाहेर पडायचा रस्ता खुला झाला की यूसुफनं कागद घिऊन लेबनानाशेजारच्या दमास्कसला जायाचं, तितनं दोगींना इमानात घालून आनायचं. मेव्हना तार करनार व्हता.

तार आली. एका शनिवारी ऑफिसात मुदीरच्या हातात आली. त्यात लिव्हलं व्हतं, रस्ता गुरुवारपर्यंत खुला, लगेच ये.

त्याच आठवड्यात एका हाटेलाचा जनरेटर आमच्याकडं खोलून पडलेला. शाफ्ट यूसुफच करू शकत व्हता, आन मुदीरनं काम येळेवर द्यायचा शबूद दिलेला. त्येनं तार ड्रॉवरमधी टाकली.

आन आता जे सांगतोय ते मी हितं कुनाला सांगितलेलं न्हाई, बायकोला बी न्हाई. रविवारी मी मुदीरकडं गेलो व्हतो, वेल्डिंग रॉड संपलेले, चिठ्ठीवर सही पायजे व्हती. त्येनं ड्रॉवर उघडला, पेन काढला, आन मला तार दिसली. विंग्रजी मला येत न्हाई, पन यूसुफ ह्या नावाची अक्षरं वळखू येत्यात, त्येच्या अवजारांच्या पेटीवर मीच वेल्डिंगनं काढून दिलती. मी तारेकडं बघितलं. मुदीरनं माज्याकडं बघितलं. ड्रॉवर लावला आन म्हनला, आनंदा, तुजा सुट्टीचा अर्ज माज्यापुडंच हाय. एवडंच. मला चार वर्सांत गावी जायाला मिळालं नव्हतं, बाप अंथरुनाला खिळलेला. मी चिठ्ठी घेतली आन बाहेर आलो. यूसुफ मशीनवर वाकलेला, मला बघून हसला. मी मनाला सांगितलं, दील मुदीर संध्याकाळी, दील उद्या. सोमवार गेला, मंगळवार गेला. माज्या तोंडात जीभ व्हती ताई, पन ती हलली न्हाई.

पुडच्या शनिवारी जनरेटर हाटेलाला पोचता झाला आन मुदीरनं यूसुफला बोलवून तार दिली. म्हनला आत्ताच आली. यूसुफनं वाचली, परत वाचली, आन तसाच इमानतळावर पळाला, अंगावर कामाचे कपडे. दमास्कसला पोचला तर रस्ता दोन दिसांपास्नं बंद. बारा दिवस थांबून परत आला. छावनीला वेढा पडला व्हता.

त्यो वेढा म्हयनोन् म्हयने चालला. आत जायाला पीठ न्हाई, औषध न्हाई. पाइप फुटलेला, नळावर गेलं तर गोळी लागायची, म्हनून मानसं जुन्या आडाचं पानी प्यायली, त्यात गटार मिसळलेलं. हे समदं लई मागनं एका नर्सनं आनलेल्या चिठ्ठीतनं कळलं. बायकोनं पानी उकळायला आधी रॉकेल जाळलं, मंग दाराची फळी, मंग चपला. मंग काय जाळायचं? सलमाला जुलाब लागले. दवाखान्यात सलाइनची बाटली न्हाई. चौथ्या दिशी गेली. शाळेच्या मागं पुरली, कबरस्तानापातूर जाता येत नव्हतं. अकरा वर्सांची.

चिठ्ठी वाचून यूसुफ माज्या खाटंवर येऊन बसला आन म्हनला, गोळीनं न्हाई आनंदा, पान्यानं. तुज्या आईसारकी.

तवा मी त्येला सांगितलं, तार मुदीरनं सात दिवस दाबून ठिवली व्हती, तारखेचा शिक्का बघ. मी बघितलं व्हतं हे मातर न्हाई सांगितलं.

यूसुफनं लोखंडी बार उचलला आन ऑफिसात शिरला, मी मागं. मनात म्हनत व्हतो मार, एक माज्या आईच्या वाटचा बी मार. मुदीर खुर्चीवरनं उठून भिंतीला टेकला, हात जोडून म्हनला यूसुफ, माफी, माफी. आता अरबीत माफी म्हंजी न्हाई, शिल्लक न्हाई, संपलं. यूसुफ म्हनला, ऐवा, म्हंजी व्हय, माफी. बार टेबलावर ठिवला आन बाहेर निघून आला. मी इचारलं, का सोडलास? म्हनला, मी तुरुंगात गेलो तर माज्या बायकोला बाहेर कोन काढनार?

पन मला तसली आडकाठी नव्हती. मी ठरवलं, यूसुफ घेत न्हाई तर मी घेनार. मला तोंड गावलं व्हतं. मुदीरला मुंबईत म्हातारी आई व्हती, आठवड्याला फोन करायचा, तिच्या आजाराचं समद्यांना ठाऊक. मी वाट बघितली. गोड बोललो, पुडं पुडं केलं, ड्रायव्हर सुट्टीवर गेला तवा पोस्टातनं टपाल आनायचं काम मागून घेतलं आन मंग सोडलंच न्हाई. तार आली की आधी माज्या हातात. दीड वर्स वाट बघितली मी, रोज पोस्टातल्या आमच्या पेटीला किल्ली लावताना हात गरम व्हायचा.

आन आली. पोस्टाभायेरच्या एका मल्याळी टायपिस्टाकडनं वाचून घेतली, आई अत्यवस्थ, लगेच निघ. त्यो म्हनला लवकर नेऊन दे बाबा. मी म्हनलं, देतो. खिशात घातली. इमानानं चार-साडेचार तासांवर मुंबई. मी सात दिवस मोजले. त्या सात दिसांत जेवन गोड लागलं मला, खरं सांगतो. फोन लावायचा तर तिकडची लाइन पावसानं बंद पडलेली, मुदीर म्हनायचा आनंदा, काय कळंना, टपालात काय हाय का? मी म्हनायचो काय न्हाई सायेब. तिसऱ्या दिशी म्हातारी गेली, हे मागनं कळलं.

आठव्या दिशी तार टेबलावर ठिवली आन म्हनलं, आत्ताच आली. त्येनं तारीख बघितली. मंग म्हनला, आनंदा, माज्या आईनं तुजं काय वाकडं केलतं? मी म्हनलं, सलमानं तुजं काय केलतं? त्येच्या डोळ्यांतनं पानी आलं, आन माज्या छातीतला इस्तव कसा गार झाला म्हनून सांगू.

मी यूसुफला हाक मारून ऑफिसात आनलं. त्येला दाखवायचं व्हतं मला. म्हनलं, बघ, सातला सात. मुदीर रडतच व्हता, पन त्येनं मान वर केली आन यूसुफला साध्या अरबीत म्हनला, ह्येला इचार, मी ड्रॉवर उघडला तवा समोर कोन उभं व्हतं.

यूसुफ माज्याकडं वळला. सहीह, म्हनला, खरं हाय का? मला खोटं बोलता आलं आसतं. पन त्येच्या डोळ्याला डोळा भिडला आन मान हलली. व्हय.

त्येनं हात उचलला न्हाई. शिवी दिली न्हाई. त्या दिसापास्नं माज्याशी एक शबूद बोलला न्हाई. खाट दुसऱ्या खोलीत हलवली. काय जोडायचं आसलं की माज्या टेबलावर ठिवायचा, जितं टाका मारायचा तितं खडूनं रेघ, झालं. दोन वर्सं. मुदीर त्याच म्हयन्यात कायमचा मुंबईला गेला, माजी तक्रार बी केली न्हाई त्येनं. मी मातर ऱ्हायलो, यूसुफच्या नजरंपुडं ऱ्हायलो, म्हनलं मारंल कवातरी, बोलंल कवातरी.

मंग त्येची बायको सुटली. वेढा कवाच उठला व्हता, पन व्हिसा परत नव्यानं काढावा लागला, मंग कुनाकुनाच्या मदतीनं आली. मुहर्रकला एका जुन्या घरात खोली घेतली त्येनं. मी नोकरी खलास करून कायमचा गावी निघालो व्हतो, इमानतळ तितंच, म्हनून जायच्या दिशी सकाळच्या पारी दारात गेलो. म्हनलं त्या माउलीच्या पाया पडावं. तिनंच दार उघडलं. बारीक बाई, काळा झगा, हात कामानं फाटलेलं. मी नाव सांगितलं. तिनं मागं वळून यूसुफला इचारलं, हा कोन? यूसुफ उठला न्हाई, बसल्या जागेवरनं बोलला. म्हनला, तार दाबनारे दोगं व्हते, त्यातला हा दुसरा.

तिनं दार लावलं. आदळलं न्हाई, हळूच लावलं.

आता हितं माळावरच ऱ्हातोय, गेट-ग्रिलचं दुकान हाय, दोन पोरी हायती, शाळंत जात्यात. रेडिओवर यूसुफच्या मुलखाच्या बातम्या लागत्यात, पोरं दगडं मारत्यात म्हनं रणगाड्यांवर. मी म्हनतो मारा, माज्या वाटचा एक मारा. तुमी म्हनाल आनंदा, आता तरी राग सोड. न्हाई ताई. मुदीरच्या आईचं मला वाईट वाटायला पायजे, वाटत न्हाई, ते सात दिवस परत मिळाले तर तार परत दाबीन. आन यूसुफनं मला केली ती शिक्षा बी बरोबर हाय, त्येनं सोडली आसती तर मीच सोडली नसती. आता ल्येक नुसती आई गं म्हनून ओरडली तरी मी कामावरनं उठून बघायला जातो. त्यांचं पानी मी सोता उकळतो, दुसऱ्या कुनाला हात लावू देत न्हाई. लिवा तुमी, समदं लिवा, नाव बी माजं खरं लिवा.