सूर्याने न विचारलेला प्रश्न

मंडळी, तुम्ही सगळे आलात, बरं वाटलं. आपली जुनी चाळ पुन्हा एकत्र जमली, तीही सूर्याच्या शोकसभेला. मला कोर्टात तासन्‌तास बोलायची सवय आहे, पण मित्राच्या शोकसभेत नाही. आणि खरं सांगू? रडू येतंय त्याहून जास्त राग येतोय. सूर्याचाच.

तो आणि मी मालाडच्या त्या चाळीत एका गॅलरीत वाढलो. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागला, मी वकील झालो. चाळ पाडून टॉवर बांधायचं ठरलं, तेव्हा घर मिळणाऱ्यांच्या यादीत सूर्याचं नावच नव्हतं. का? तर म्हणे खोली वर्षानुवर्षं बंद होती, तिथे कुणी राहतच नव्हतं. अरे, मग सूर्या आणि सुनंदावहिनींनी संसार कुठे केला? सूर्या कोर्टात गेला. आणि म्हणाला, माझी केस मीच चालवणार.

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, "सूर्या, लिफ्ट अडकली तर मी तारेला हात लावतो का? मग तू कायद्याला कशाला लावतोस?" तर हसला. म्हणाला, "दिल्या, खरं बोलायला वकील कशाला रे?" म्हटलं, "खरं बोलायला नाही लागत, यार. समोरच्याचं खोटं बाहेर काढायला लागतो." ऐकलं? नाही. टपरीवर सांगितलं, फोनवर सांगितलं, वहिनींसमोर हात जोडून सांगितलं. इस्त्रीचा शर्ट घालून साहेब एकटेच दिंडोशीच्या कोर्टात उभे!

समोर बिल्डरचा साक्षीदार कोण? आपले नाना. शेजारच्या खोलीतले. नाना, तुम्ही तिसऱ्या रांगेत बसलाय, मला दिसताय. सूर्याची खोली बंद होती, या कागदावर तुमची सही आहे. का केलीत, मला माहीत नाही. चष्म्याशिवाय केली असेल. नाहीतर आपलंही घर अडेल म्हणून घाबरला असाल.

मी सूर्याला एकच प्रश्न लिहून दिला होता. एकच! "नाना, दर गणपतीला पाच दिवस टाळ घेऊन तुम्ही आरतीला कुणाच्या घरी येत होता?" बस. एवढं विचारलं असतं तर केस तिथेच फिरली असती. मी मागच्या बाकावर बसलेलो. न्यायाधीश म्हणाले, विचारा. आणि आमचा सूर्या काय विचारतो? "नाना, गुडघा कसा आहे? उभं राहवतंय ना?" न्यायाधीशांनी दोनदा विचारलं, आणखी काही? हा म्हणतो, "नाही साहेब."

बाहेर आल्यावर मी त्याला नको नको ते बोललो. "स्वतःची वाट लावलीस रे!" तो म्हणाला, "भर कोर्टात नानांना खोटं पाडून उद्या मी त्यांच्या शेजारी राहू कसा?" अरे माणसा, शेजारी राहायला आधी घर नको का? मी रिक्षात बसलो आणि निघून गेलो. त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही. आठवड्याभरात त्याला झटका आला. मी तेव्हा थांबायला हवं होतं, मंडळी. एक चहा तरी घ्यायला हवा होता त्याच्याबरोबर.

आज वहिनी मानखुर्दला भावाकडे राहतायत. आणि काल मला काय म्हणाल्या? "भावोजी, पुढच्या तारखेला मीच उभी राहते." आता काय करू मी या घराचं? वहिनी, तुमच्या पाया पडतो, वकीलपत्रावर सही करा. तुम्हालाही जमायचं नाही ते. तुम्ही नानांना जेवायला बोलावून याल.

नाना, वकील म्हणून मी हे इथे बोलायला नको. मित्र म्हणून बोलतोय. वहिनींनी सही केली की मी कोर्टाला विनंती करून तुम्हाला परत बोलावणार, आणि तो प्रश्न विचारणार. मी सूर्याइतका चांगला माणूस नाही. पण माझ्यावर ती वेळ आणू नका. त्याने तुमची लाज राखली, नाना. स्वतःचं घर पणाला लावून राखली.

चला, आता सूर्यासाठी उभे राहू. दोन मिनिटं कुणीही काही बोलायचं नाही. दोनच मिनिटं, नाना. त्यानंतर बोला.